तोंडभर पानक

मांडवात बसलेल्या सर्वांना आधी नमस्कार. आणि मांडवाबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्यांना त्याहून थोडा जास्त वाकून नमस्कार, कारण यंदाच्या रामनवमीला मी त्यांच्यातच उभा होतो. मी, प्राणेशराव, पहिल्या रांगेतला मधला माणूस! तिथवर कसा पोचलो ते सांगतो.

कीर्तन ऐकणं हा माझा धर्म आहे. संध्या-पूजा चुकत नाही, पण खरं सांगायचं तर देव मला भेटतो तो झांज वाजायला लागल्यावरच. बेंगळुरात येऊन आमच्या घराण्यांना इतक्या पिढ्या झाल्या की आम्ही भांडतो कन्नडमध्ये आणि रडतो मराठीत. रडण्याचं खातं मंडळींनी जवळजवळ माझ्याकडेच सोपवलं होतं. निदान मला तसं वाटे.

चामराजपेठेतल्या आमच्या रामोत्सवात आनेकलचे भीमाचार्य वर्षानुवर्षं कीर्तन करत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. पहिल्या रांगेत मधोमध बसायचं, मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि डोलायला लागायचं, ही माझी पद्धत. डोळे उघडे ठेवून कीर्तन ऐकणारा माणूस मला जेवताना वर्तमानपत्र वाचणाऱ्यासारखा वाटे. मधूनमधून मी ‘आहा!’ म्हणे. मागचे लोक माझ्यामुळे डावीउजवीकडे माना काढून बघत, हे मला माहीत नव्हतं. डोळे मिटलेले होते ना.

भीमाचार्यांचं मुख्य आख्यान त्यांच्या वडिलांनी रचलेलं. एक आंधळी म्हातारी असते. जन्मभर देवाला रोज एक हार करून घालते. एका वर्षी उन्हानं गावातली सगळी फुलं करपतात, आणि नेमकी तेव्हाच रामनवमी. म्हातारी देवळाच्या दाराशी येते आणि म्हणते, ‘देवा, हार आणलाय.’ एवढं बोलून भीमाचार्य थांबत. झांज थांबे, पेटी थांबे, आणि त्या शांततेत मी ‘हाय रे देवा!’ म्हणून हंबरडा फोडत असे. सबंध कीर्तनाचा तो कळस, अशी माझी समजूत होती. अलीकडे भीमाचार्यांचं ते थांबणं फार आखूड झालं होतं. मी मनात म्हणे, वय झालं, दम पुरत नसेल.

दिवाळी होऊन गेल्यावर उत्सव समितीची बैठक रघुपतीच्या ओसरीवर भरली. रघुपती विमान कारखान्यात इंजिनियर आणि समितीचा चिटणीस. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. कॉफीचा लोटा खाली ठेवून तो म्हणाला,

“प्राणेशअण्णा, गेल्या वर्षी उत्तररंगात निम्मा मांडव उठून गेला. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच.”

“लोकांना गोडी राहिली नाही रे.”

“गोडी नाही, तर पूर्वरंगाला गच्च बसतात कसे? बुवा ऐन ठिकाणी आनेकलची बस चुकेल अशा घाईनं पुढे पळतात. लोक म्हणणार, संपलं वाटतं, आणि चपला शोधायला लागणार. माझं म्हणणं, यंदा शेवटची संधी द्यायची. यंदाही मांडव उठला, तर पुढच्या वर्षी हुबळीहून दुसरे बुवा बोलवू.”

“घाई नाही ती. तेज आहे, तेज!”

“तेज?” रघुपती हसला. “अण्णा, रागावू नका. तुम्हाला रडता छान येतं. पण कलेतलं काही कळतं का? रडणं वेगळं, कळणं वेगळं.”

ओसरीवरचे सगळे हसले. माझे सख्खे साडूसुद्धा.

मला माझ्या अपमानापेक्षा भीमाचार्यांची काळजी लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. दोन्ही होतं म्हणा. मल्लेश्वरमधल्या उत्सवानं त्यांच्या जागी वाद्यवृंद आणला होता, जुन्या पेठेतल्या देवळानं कीर्तनच बंद केलं होतं. आनेकलमधले गावकरी ऐकत, पण ते घरचे. शहरात आमचा मांडव तेवढा उरला होता. भीमाचार्य एकदा मला म्हणाले होते, “प्राणेशराव, बाबांची म्हातारी आता तुमच्याच मांडवात चालते-बोलते. तिथून उठली की संपली.”

तेव्हा मी ठरवलं की रघुपतीला कारणांसकट उत्तर द्यायचं. आणि देव कसा वाट दाखवतो बघा, गांधीबझारमागच्या वाचनालयाच्या दारावर मला एक पाटी दिसली. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर कलेचा आस्वाद कसा घ्यावा याचा वर्ग. शिकवणार हयवदन राव. शेवटी प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर माझा जीव जडला. ते रघुपतीच्या कॉफीच्या लोट्याशेजारी ठेवीन आणि काहीएक न बोलता उठून येईन, असं चित्र मी मनात रंगवलं.

घरी सांगितलं तर माझी बायको वसुमती म्हणाली, “घरात भिंतीवर एवढी कॅलेंडरं आहेत, तीही तुम्ही एकादशी कधी आहे ते पाहायला बघता. तुम्ही चित्रं बघणार?”

“शिकणार.”

“सरी, ठीक आहे. शनिवारचा भाजीबाजार मग कुणी करायचा, तेही शिकून या.”

पहिल्या शनिवारी मी नारळ आणि शेवंतीचा हार घेऊन गेलो. जिथं कुणी काही निरूपण करणार, तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासूनचं. हयवदन राव म्हणजे किडकिडीत, कमी बोलणारे, विलायतेत शिकून आलेले. हार पाहून ते दोन पावलं मागं सरले.

“हे काय?”

“व्यासपीठाला.”

व्यासपीठ असं काही नव्हतंच. भिंतीवर चित्रं पाडणारं एक काळं यंत्र मधोमध ठेवलेलं होतं. त्यातूनच सगळं ज्ञान बाहेर पडणार, म्हणून मी हार त्यालाच घातला आणि नमस्कार केला. यंत्र तापतं, हे मला काय ठाऊक! थोड्या वेळानं माडीभर भाजक्या शेवंतीचा वास सुटला आणि खिडक्या उघडाव्या लागल्या.

मग भिंतीवर पहिलं चित्र उमटलं. टेबलावर थाळी, थाळीत फळं, बाजूला चुरगळलेलं कापड.

“काय दिसतं?” हयवदन रावांनी विचारलं.

बाकीचे गप्प. बहुतेक कॉलेजातली मुलं, एक-दोन निवृत्त माणसं. मला वाटलं, बिचाऱ्या निरूपणकाराला साथ द्यावी. मी उठलो.

“सर, या घरात कुणीतरी येणार आहे. घरधनी परदेशी गेलेला. बायकोनं त्याच्यासाठी फळं मांडून ठेवलीत. पण तो आलेला नाही. तिनं डोळे पुसले आणि ते फडकं असं चुरगळून टाकलं...” मी सासूपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“बाई कुठं आहे?”

“आत आहे. स्वयंपाकघरात.”

“चित्रात?”

“चित्रात नाही, पण असणारच. नाहीतर फळं मांडली कुणी?”

मागं बसलेली नीरजा नावाची एक कॉलेजकन्यका पदरात तोंड घालून हसायला लागली. हयवदन राव हसले नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं, चित्र नाहीसं झालं आणि त्यांनी मला विचारलं, “फळं कोणती होती?”

सासू सांगता आली असती. फळं आठवेनात.

पुढच्या शनिवारी याहून मोठी गंमत झाली. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, कुठल्याशा देवळातल्या मूर्तींचं चित्र भिंतीवर, आणि मध्येच यंत्राचा दिवा गेला. मिट्ट काळोख. आता आमच्या मांडवात गॅसबत्ती गेली की काय करतात? श्रोत्यांनी उठू नये, रंग मोडू नये म्हणून पुढचा कुणीतरी नामाचा गजर सुरू करतो आणि बत्ती येईपर्यंत सगळा मांडव तो धरून ठेवतो. मला विचार करायचीसुद्धा गरज पडली नाही. काळोखात मी टाळ्या वाजवत खणखणीत गजर सुरू केला. मागे कुणी उचलेना. मला वाटलं, लाजत असतील, म्हणून आणखी वरच्या पट्टीत गेलो. यंत्राला नवा दिवा बसला तेव्हा मी उभा राहून, हात वर करून, डोळे मिटून तारसप्तकात होतो.

“झालं?” हयवदन राव म्हणाले. “की आरती बाकी आहे?”

मी वर्ग सोडणारच होतो. पण प्रमाणपत्र! आणि दुसरं असं, की मला हळूहळू त्या खोलीची चटक लागत होती. फळं कोणती, हे मी आता सांगू शकत होतो. कुणाचा हात कुठं आहे, उजेड कुठल्या बाजूनं येतोय, हेही. सासू अजून डोकावे, पण मी तिला आत पाठवत असे.

मग एके दिवशी त्यांनी एक जुनं, छोट्या आकाराचं चित्र मोठं करून दाखवलं. कोपऱ्यात एक स्त्री उभी, आणि बाकी सगळी नुसती पिवळी भिंत. ना झाड, ना मोर, ना पलंग. मी कळवळून म्हणालो, “सर, बिचाऱ्याचा बाकीचा रंग संपला असावा.”

वर्ग हसला. या वेळी हयवदन राव माझ्याजवळ आले आणि बाकड्याच्या कडेला बसले.

“प्राणेशराव, ही जागा त्यानं मुद्दाम मोकळी सोडलीय. तिथं बघणाऱ्यानं थांबायचं असतं. तुम्ही मात्र मोकळी जागा दिसली की बोचकं घेऊन आत राहायला जाता. स्वल्प बाहेर उभे राहा.”

मी उभा राहिलो. म्हणजे बाकड्यावरच. ती पिवळी भिंत पाहत बसलो. पहिल्यांदा कंटाळा आला, मग घरी भाजी न्यायची राहिलीय ते आठवलं, आणि मग एकदम त्या बाईचं एकटेपण अंगावर आलं. माझ्या तोंडाशी ‘आहा!’ आला होता. मी तो गिळला. अगदी सुपारी गिळल्यासारखा घशात अडकला.

जाताना त्यांनी सगळ्यांना काम दिलं. तुम्हाला अगदी पुरती ठाऊक असलेली एखादी गोष्ट बघून या. फक्त बघा. तिच्याबद्दल एक शब्द बोलू नका.

मला पुरती ठाऊक असलेली गोष्ट एकच. त्याच आठवड्यात आनेकलच्या देवळात भीमाचार्यांचं कीर्तन होतं, आणि आख्यान म्हातारीचंच. मी बसनं गेलो. सवयीनं पहिल्या रांगेत मधोमध बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले.

भीमाचार्यांच्या उजव्या गालावर मस आहे. मला ठाऊक नव्हतं! ते ओवीच्या शेवटी डाव्या पायाचा अंगठा उचलतात. म्हातारी बोलते तेव्हा त्यांची मान अशी तिरपी होते, की जणू आवाज कुठून येतो ते शोधतायत. इतकी वर्षं मी या माणसाचा पहिला श्रोता, आणि हे सगळं फुकट जात होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग ते ठिकाण आलं. म्हातारी दाराशी आली. ‘देवा, हार आणलाय.’ झांज थांबली. पेटी थांबली. आणि भीमाचार्यांनी दोन्ही हात पुढे केले, हातात हार धरल्यासारखे. पण हार नव्हता. बोटांच्या चिमटीत नुसती दोरी होती, खरी पांढरी दोरी. फुलं नाहीत म्हणून म्हातारीनं रिकामी दोरी आणलेली! आख्यानात हे शब्दांत कुठंच नव्हतं. ते हातांत होतं. ते मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

त्याच क्षणी मला दुसरंही दिसलं. भीमाचार्यांची नजर माझ्यावर आली. त्यांचे खांदे वर चढले. फटाक्याची वात पेटलीय आणि आता तो फुटणार, हे ठाऊक असलेल्या माणसासारखे त्यांनी डोळे बारीक केले. पेटीवाल्यानं मान खाली घातली. तबलजी गालात हसला. मी म्हटलं, हे सगळे कशाची वाट बघतायत?

“हाय रे देवा!”

माझ्याच तोंडून. डोळे उघडे असून! मीच दचकलो. भीमाचार्यांनी दोरी घाईघाईनं उपरण्यात गुंडाळली आणि पुढच्या पदाला हात घातला. मागं लोक चुळबुळले. कुणी म्हणालं, “संपलं वाटतं.”

परतीची बस मिळाली. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो, पण काय दिसलं ते विचारू नका.

घरी येऊन वसुमतीला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मग? हे आत्ता कळलं?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“चामराजपेठेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. तुम्ही ओरडलात की मागच्या बायका माझ्याकडे बघतात, जसं काही मीच तुम्हाला चिमटा काढलाय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“किती वेळा खुणा केल्या! तुमचे डोळे मिटलेले. आणि आचार्यांना एकदा म्हटलं मी, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, नको अक्का, इतक्या प्रेमानं रडणारा माणूस, त्याला काय सांगायचं.”

हे ऐकून मला खरोखरच रडू आलं, आणि ते आवाज न करता आलं, याची वसुमतीनं नोंद घेतली.

शनिवारी वर्गात प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, “सर, एक शब्द बोलू नका म्हणाला होतात ना?” हयवदन राव पहिल्यांदाच हसले. प्रमाणपत्र मला पुढं मिळालं. त्यावर लिहिलेलं आहे की उपस्थिती उत्तम. ते मी रघुपतीला दाखवायला नेलं नाही. त्याला दाखवण्यासारखं मला जे कळलं होतं, ते त्या कागदावर नव्हतं, आणि जे कळलं होतं ते सांगितलं असतं तर त्यानं मलाच समितीतून काढलं असतं.

चैत्र उजाडला. आता माझ्यापुढं प्रश्न. मांडवात गेलो तर ओरडणार. आनेकलला डोळे उघडे ठेवूनही तोंड बंद राहिलं नव्हतं. मी म्हटलं, यंदा घरीच बसतो.

“घरी बसलात तर इथून ओरडाल,” वसुमती म्हणाली. “मांडव काय लांब आहे! त्यापेक्षा मागं उभे राहा, खांबाआड. आणि पानकाचा पेला हातात ठेवा. म्हातारी दाराशी आली की तोंडभर घ्या, आणि काही झालं तरी गिळू नका.”

आमच्याकडे रामनवमीला भिजवलेल्या डाळीची कोसंबरी आणि पानक वाटतात. पानक म्हणजे गुळाचं पाणी, वेलची, सुंठ आणि मिरी घातलेलं. त्या वर्षी मिरी कुणी कुटली होती देव जाणे.

संध्याकाळी मांडव भरला. मी बाहेरच्या बाजूला, बांबूच्या खांबाआड, चपलांमध्ये उभा. पहिल्या रांगेत मधोमध माझी जागा रिकामी. तिथं कुणी बसेना. रघुपती कडेला खुर्ची टाकून बसला होता, मांडव कधी उठतो ते बघायला. भीमाचार्य आले, नमन झालं, आणि मला दिसलं की ते त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा पुन्हा बघतायत.

पूर्वरंग रंगला. उत्तररंगात माझ्या शेजारचा एक गृहस्थ वाकून आपल्या चपला शोधायला लागला. मी त्याच्या चपलेवर पाय ठेवला. कलेसाठी माणसानं एवढं करावंच.

म्हातारी दाराशी आली. मी पेला तोंडाला लावला आणि गाल फुगेपर्यंत भरून घेतलं.

“देवा, हार आणलाय.”

झांज थांबली. पेटी थांबली. हात पुढे आले, त्यात दोरी. भीमाचार्यांचे खांदे सवयीनं वर चढले, नजर त्या रिकाम्या जागेवर गेली. काही झालं नाही. खांदे हळूहळू खाली आले. मग ते तसेच उभे राहिले, आणि ती दोरी त्यांच्या बोटांतून खाली लोंबत राहिली, वाऱ्यानं किंचित हलत. कुणी खोकलं नाही. माझ्याशेजारचा गृहस्थ वाकलेला होता तो तसाच वाकून बघत राहिला. माझ्या तोंडात मिरीची आग पेटली होती, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि त्यातलं मिरीचं कुठलं आणि म्हातारीचं कुठलं ते मला सांगता येणार नाही. पोटातून ‘हाय’ निघाला, घशापर्यंत आला आणि पानकात बुडाला.

त्या शांततेत कुणीतरी मोठ्यानं नाक ओढलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. रघुपती होता. चष्मा हातात, आणि मांडव मोजायचा विसरून तो दोरीकडे बघत बसला होता.

भीमाचार्यांनी ती दोरी दोन्ही हातांनी अलगद देवाच्या गळ्यात घातली. हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. आनेकलला मीच त्यांना तिथपर्यंत पोचू दिलं नव्हतं. आणि मग मांडवातून जो आवाज उठला तो कुणा एकट्याचा नव्हता.

आरती झाली. एकही माणूस उठला नव्हता. रघुपतीनं पुढं जाऊन भीमाचार्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, “आचार्य, पुढच्या वर्षी आनेकलला गाडी पाठवतो. बसनं यायचं नाही.” साध्या आवाजात म्हणाला, पण मांडवभर ऐकू गेलं.

भीमाचार्यांनी त्याला बुक्का लावला. मग वसुमतीकडे वळून विचारलं, “अक्का, प्राणेशराव आले नाहीत? बरं आहे ना त्यांना?”

“बरं आहे,” वसुमती म्हणाली.

“आज हवे होते हो,” म्हातारा खरोखर हळहळला. “दोरी आज गळ्यात पडली. ते असते तर किती रडले असते!”

खांबाआडून मी जोरानं हात हलवला. बोलता येईना. तोंडातलं पानक अजून गिळायचं राहिलं होतं.